कॉफी प्या, पण तिची वेळ तिला द्या

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. हिमायतनगरजवळच्या एका खेड्यातील एक भगिनी दवाखान्यात येत असत. वय पंचेचाळीसच्या आसपास. सतत थकवा, अंग जड, केस गळणे, वजन वाढणे अशा तक्रारी. रक्त तपासले, थायरॉईड मंदावलेले निघाले. टीएसएच १४. थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी, टीएसएच १२. गोळी ७५ ची केली. आणखी दोन महिन्यांनी टीएसएच ११. गोळी १०० ची केली. तरी रिपोर्ट जागचा हलेना.

'गोळी रोज घेता ना?' मी विचारले.

'घेते की डॉक्टरसाहेब. एक दिवस चुकवत नाही.'

'उपाशीपोटी?'

'उठल्या उठल्या.'

रिपोर्ट हातात धरून मी विचारात पडलो. प्रयोगशाळेवर संशय घेतला, गोळीच्या कंपनीवर घेतला. तेवढ्यात सोबत आलेली त्यांची सून हळूच म्हणाली, 'लेकीनं हैदराबादहून फिल्टर आणून दिलं तवापासून आत्याबाईला सकाळी कॉफीच लागती. गोळी बी त्याच घोटासंगं घेत्यात.'

वाचकहो, चूक त्या बाईंची नव्हती, माझी होती. 'उपाशीपोटी घ्या' एवढेच मी सांगितले होते. 'नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि पुढे तासभर चहा-कॉफी घेऊ नका' हे सांगायचे राहिले. थायरॉक्सिनची गोळी कॉफीबरोबर घेतली तर आतड्यातून तिचे शोषण कमी होते. म्हणजे गोळी पोटात जात होती, पण रक्तात पुरती पोहोचत नव्हती. आणि मी मात्र डोस वाढवीत होतो. पाण्याबरोबर गोळी सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी टीएसएच ०.२ वर घसरला, छातीत धडधड आणि हातांना कंप सुरू झाला. कारण आता शंभराची गोळी पूर्ण लागू पडत होती. ती पुन्हा ७५ वर आणली, तेव्हा गाडी रुळावर आली. म्हणून ज्यांची थायरॉईडची गोळी चहा-कॉफीबरोबर चालू आहे त्यांनी पद्धत जरूर बदलावी, पण तसे डॉक्टरांना सांगून सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासून घ्यावे.

त्या भगिनींनी जाताना विचारले, 'मग कॉफी सोडू का?' मी म्हणालो, 'मुळीच नको. फक्त गोळीपासून तासभर लांब ठेवा.' आजचा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहे.

आपला भाग तसा चहाचा. स्टँडवर, बाजारात, शेताच्या बांधावर, कुठेही गेले तरी 'अर्धा अर्धा सांगू का?' हे ठरलेले. कॉफी आपल्याकडे खास प्रसंगाची. चहा न पिणारा पाहुणा आला, घरात कोणाला ताप आला, किंवा कोणी रात्री जागरणाला बसले, तर दुधात साखर घालून, कॉफीची चिमूट टाकून, वर जायफळ किसून एक पातेले उकळायचे. आता मात्र परिस्थिती बदलली आहे. मुले हैदराबाद, बंगळूर, पुण्याला शिकायला आणि नोकरीला गेली. सुट्टीत येताना ती कॉफीची पाकिटे आणि स्टीलचे फिल्टर घेऊन येतात. त्यामुळे कॉफीबद्दल विचारणारे रुग्ण वाढले आहेत, आणि 'कॉफी उष्ण असती का हो?' पासून 'कॉफीनं शुगर जाती म्हणे' पर्यंत सगळे प्रश्न मला ऐकायला मिळतात.

कॉफी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी संताने हजहून परतताना येमेनमधील मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात. त्या डोंगरावर दत्तात्रेयांचेही स्थान मानले जाते, हे माहूरच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला ऐकून गंमत वाटेल. आजही देशातील सुमारे सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात, म्हणजे आपल्या शेजारच्या राज्यात पिकते. आणि महाराष्ट्रात? अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून थोडी कॉफी होते.

आता ती करायची कशी? डॉक्टरने स्वयंपाकघरात शिरू नये असे आमच्या घरात मत आहे. पण करण्याच्या पद्धतीचा आणि प्रकृतीचा इथे थेट संबंध आहे, म्हणून शिरतो.

पहिली गोष्ट पाकिटाची. दुकानात मिळणारी 'कॉफी' बहुधा निखळ कॉफी नसते. तिच्यात चिकोरी असते. चिकोरी हे एका वनस्पतीचे मूळ, भाजून दळलेले. ते काही विष नाही, त्यात कॅफिनही नसते. रंग दाट येतो, कडवटपणा वाढतो आणि माल स्वस्त पडतो. कायद्याने अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. ते छापलेले वाचावे. 'आमची कॉफी एकदम कडक असते' असे सांगणाऱ्या कित्येकांच्या कपात जवळजवळ निम्मे मूळ असते. चव आवडत असेल तर खुशाल घ्या, मात्र पैसे कशाचे मोजतो ते ठाऊक असावे. माझ्या मते सुरुवातीला ८० टक्के कॉफी व २० टक्के चिकोरी ठीक, पुढे निखळ.

पूड एका वेळी थोडीच आणावी. भाजून दळलेल्या कॉफीचा वास दोन-तीन आठवड्यांत उडून जातो, आणि वास गेला की उरतो तो नुसता कडवटपणा. घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि उन्हापासून लांब ठेवावी. मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नये, कारण कॉफी शेजारचा वास लगेच उचलते. आमच्या घरी एकदा गरम मसाल्याच्या वासाची कॉफी महिनाभर प्यावी लागली आहे.

स्टीलच्या फिल्टरचे दोन मजले असतात. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे, त्यात दांडीची चकती. दोन कपांसाठी वरच्या भांड्यात दोन शिगोशीग पोह्याचे चमचे पूड घालावी आणि चकतीने हलकेच सारखी करावी. फार दाबली तर पाणी उतरतच नाही, मोकळी सोडली तर दोन मिनिटांत गळून पाणचट होते. पाणी उकळले की आच बंद करून मिनिटभर थांबावे, मग एक कपभर पाणी हळूहळू ओतून झाकण ठेवावे. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट काढा जमतो. दक्षिणेकडे त्याला डिकॉक्शन म्हणतात. दूध वेगळे तापवावे, कपात काढा ओतून त्यात गरम दूध घालावे. काढा पुन्हा उकळू नये. आपल्याकडे पातेले चुलीवर ठेवून कॉफी 'मुरेपर्यंत' उकळण्याची सवय चहाची आहे, कॉफीला ती मानवत नाही. आपल्या बोअरच्या जड पाण्यानेही चव बसते. पिण्यासाठी शुद्ध केलेले पाणी वापरून पाहा, फरक पहिल्या घोटात कळेल.

फिल्टर नसला तरी अडत नाही. दोन कप पाणी उकळून खाली उतरवावे, दोन मोठे चमचे पूड टाकून ढवळावे, चार मिनिटे झाकून ठेवावे आणि स्वच्छ ओल्या सुती फडक्यातून गाळावे. फडके कॉफीसाठीच वेगळे असावे आणि ते साबणाने न धुता गरम पाण्याने धुवून उन्हात वाळवावे.

गाळण्यावर मी भर देतो त्याला कारण आहे. नॉर्वेतील ट्रॉम्सो या गावी झालेल्या मोठ्या पाहणीत १९८३ मध्ये असे दिसले की जास्त कॉफी पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले असते. तिकडे कॉफी उकळून, न गाळता पिण्याची पद्धत होती. पुढे कळले की कॉफीच्या बियांमधील तेलकट अंश, त्यात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो, तो हे काम करतो. कागदाच्या फिल्टरमध्ये तो जवळजवळ सगळा अडतो, सुती कापडातही पुष्कळ अडतो, धातूच्या जाळीतून मात्र काही प्रमाणात उतरतो. दिवसाला एखादा कप घेणाऱ्याने याची काळजी करू नये. ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे आणि कप तीन-चार होतात, त्यांनी कापडाने किंवा कागदाने गाळलेली घ्यावी.

आता चव. पहिला घोट साखर न घालता घ्या, हा माझा आग्रह आहे. आधी वास घ्या, मग घोट जिभेवर क्षणभर थांबू द्या. चांगल्या कॉफीत कडवटपणाच्या मागे किंचित आंबूसपणा आणि भाजल्या शेंगदाण्यासारखा खमंगपणा येतो. जळका कडूपणा असेल तर पूड उकळली गेली किंवा ती जुनी होती. ही ओळख पटल्यावर साखर आपोआप कमी लागते. मी स्वतः दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आलो, पण दर आठवड्याला पाव चमचा या हिशेबाने. एकदम तोडली असती तर चौथ्या दिवशी परत दोनवर गेलो असतो. साखरेचे गणित साधे आहे. दोन चमचे म्हणजे सुमारे दहा ग्रॅम, चार कपांत चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत असणे उत्तम. परदेशांतील पाहण्यांत दिवसाला तीन-चार कप कॉफी घेणाऱ्यांमध्ये मधुमेह व यकृताचे आजार कमी आढळले हे खरे आहे. पण त्यामुळेच आजार टळतात असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि आपल्यासारखी दूध-साखरेची कॉफी पिऊन तो फायदा मिळेल अशी आशा धरू नये. मधुमेह असणाऱ्याने औषध म्हणून कॉफी सुरू करू नये.

जायफळाबद्दल एक गंभीर सूचना. कपावर चिमूटभर किसलेले जायफळ चालते, छान लागते. पण जायफळ जास्त प्रमाणात, चमच्याने, पोटात गेले तर छातीत धडधड, मळमळ, गुंगी आणि भ्रमसुद्धा होतो. झोप लागावी म्हणून तान्ह्या बाळाला जायफळ उगाळून चाटवण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती कृपया बंद करावी. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको.

कॉफी गरम असावी, पण चटका बसेल इतकी नसावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये कॉफीवरचा जुना संशय मागे घेतला, मात्र ६५ अंशांहून गरम कोणतेही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरते असे नोंदवले. बशीत ओतून फुर्रकन पिणाऱ्या आपल्या आजोबांना शहरात हसतात. वैद्यकीय दृष्टीने आजोबांचेच बरोबर आहे.

कॉफीने तरतरी का येते? १८१९ मध्ये गटे या जर्मन कवीने रुंगे नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाला कॉफीच्या बिया देऊन हे शोधायला सांगितले, आणि त्याने त्यातून कॅफिन वेगळे काढले. कॅफिन शरीराला शक्ती देत नाही. आपण जागे असताना मेंदूत अडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो ठरावीक जागांवर जाऊन बसला की थकवा आणि झोप जाणवते. कॅफिन काय करते, तर एसटी लागताच खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा तसे त्या जागा अडवून ठेवते. अडेनोसिन गाडीत उभेच राहते. तासांनी रुमाल उचलला गेला की ते सगळे एकदम बसते. रात्रभर कॉफीवर जागून अभ्यास करणारी मुले परीक्षेच्या दिवशी अकरा वाजता कोमेजतात ती यामुळे. अंबाजोगाईला एमबीबीएस करताना मीही हे केले आहे. तोंडी परीक्षेत माझे हात असे थरथरत होते की परीक्षकांनी पाणी मागवले.

रक्तातील निम्मे कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. काहींना दोन, काहींना दहा. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातील निम्मे कॅफिन रात्री अकराला अंगात असते. झोपेची गोळी मागायला येणाऱ्यांना मी आता आधी शेवटच्या चहा-कॉफीची वेळ विचारतो. दुपारी दोननंतर दोन आठवडे बंद करून पाहा, एवढेच सांगून काहींचे काम झाले आहे. गरोदरपणात कॅफिन उतरण्याचा वेग फार मंदावतो, शेवटच्या महिन्यांत तर पंधरा तासही लागतात. त्या काळात दिवसाला एक लहान कप, त्याहून अधिक नको, आणि चहाही त्याच हिशेबात धरावा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे. दीडशे मिलिलिटर कपाचा हिशेब त्यांनी असा दिला आहे: गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम. दिवसाला आठ चहा घेऊन 'मी कॉफीला शिवत नाही' म्हणणाऱ्यांनी हे आकडे जुळवून पाहावेत.

याच सूचनांत जेवणाच्या आधी व नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे. त्याचे कारण लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. माझ्या दवाखान्यातील चित्र वेगळे नाही. भाकरी, डाळ आणि पालेभाजी यांतील लोह मुळातच कमी शोषले जाते. त्यावर कॉफी प्यायली की ते आणखी घटते. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात जेवणाबरोबरच्या एका कप कॉफीने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी कमी झाले, चहाने ६४ टक्क्यांनी. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काही बिघडले नाही, पण जेवणानंतर तासाने घेतलेल्या कॉफीने तेवढेच नुकसान केले. म्हणून मी जेवणानंतर दोन तास थांबायला सांगतो. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची लाल गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळणाऱ्या कित्येक मुली-सुना मी पाहतो. ती गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, लिंबाने शोषण वाढते.

आता डोकेदुखीविषयी, कारण महाशिवरात्रीला श्री परमेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत आणि रमजानच्या पहिल्या तीन-चार रोजांत हे रुग्ण नेमके येतात. दुपारपासून डोके ठणकते, जांभया, चिडचिड, मळमळ. 'उपवासानं पित्त चढलं' असे सांगतात. यातील बऱ्याच जणांना पित्त नसते, रोजची चहा-कॉफी तुटलेली असते. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत ही डोकेदुखी सुरू होते, दुसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते आणि कधी कधी आठवडाभर टिकते. त्यावर वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घेणे म्हणजे खरोखरचे पित्त ओढवून घेणे. उपवास किंवा रोजे सुरू होण्याआधी आठ-दहा दिवस दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप कमी करत जावे. रोजेदारांनी उरलेला कप हळूहळू इफ्तारच्या वेळेकडे न्यावा. इफ्तारनंतर एखादा लहान कप चालेल, मात्र रात्री उशिरा घेऊ नये, नाहीतर सहरीपर्यंत डोळा लागत नाही. डोकेदुखी अचानक आणि आयुष्यात कधी नव्हती इतकी तीव्र असेल, किंवा सोबत उलट्या, ताप, बोलण्यात अडखळणे, हात-पाय लुळे पडणे असे काही असेल, तर कॉफीचा विचार सोडून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

ज्यांना कॉफीने जळजळ होते त्यांनी ती रिकाम्या पोटी घेऊ नये, आणि तरीही त्रास झाला तर सोडून द्यावी. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी व रक्तदाब आटोक्यात नसणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास कॉफी घेऊ नये, आकडा चढा येतो. लहान मुलांना कॉफीची सवय लावू नये, दूध पीत नाही म्हणून 'थोडी कॉफी घालून' देणे हे तर अजिबात नको.

सुरुवातीच्या त्या भगिनींनी सकाळची घडी आता अशी बसवली आहे: पाच वाजता पाण्याबरोबर गोळी, मग सडा-सारवण आणि झाडलोट, सहानंतर फिल्टरची कॉफी, आणि न्याहारी आठला. मागच्या महिन्यात टीएसएच ३.१ आला. कॉफीची पूड संपत आली होती, म्हणून नांदेडला कोणत्या दुकानात ताजी दळून मिळते ते मलाच विचारत होत्या.